५,५५० किलोमीटरला आठ तास कसे लागतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच कळेल. लंडनच्या हीथ्रोहून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचं अंतर कॅल्क्युलेटरने सुमारे ५,५५० किलोमीटर दाखवलं. विमानाचा वेग ताशी ९०० धरून तुम्ही भागाकार केला आणि ६ तास १० मिनिटं काढलीत. तिकिटावर मात्र जाताना ८ तास आणि येताना ७ तास लिहिले आहेत. त्यात कुणी सांगितलं की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपणहून जवळ यायला हवं. झालंय नेमकं उलटं. आणि या सगळ्यामागचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे: न्यूयॉर्कहून पुढचं विमान दोन तासांनी आहे, ते मिळेल का?

मी वीसेक वर्षं फ्लाइट डिस्पॅचचं काम करतो. लांब पल्ल्याच्या विमानांचा मार्ग आणि इंधन ठरवायचं आणि कॅप्टनबरोबर त्यावर सही करायची, हा रोजचा धंदा. त्यामुळे तुमचा भागाकार पाहून हसू आलं नाही, स्वतःचे सुरुवातीचे दिवस आठवले. तुमचं गणित चुकलेलं नाही. फक्त त्यात घेतलेले दोन्ही आकडे दुसऱ्याच कामाचे आहेत.

आधी अंतर. कॅल्क्युलेटर जे देतो ते गोलावरचं सर्वांत कमी अंतर असतं. पृथ्वीगोल घ्या, लंडनवर टाचणी लावा, न्यूयॉर्कवर दुसरी, मधे दोरा ताणून धरा. तो दोरा दक्षिण आयर्लंडवरून अटलांटिकमधे शिरतो आणि न्यूफाउंडलंडवर जमिनीला लागतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच रेघ उत्तरेकडे फुगलेली दिसते आणि लोक विचारतात की विमान एवढा वळसा का घालतं. वळसा विमानाचा नाही, नकाशाचा आहे. आम्ही हे अंतर सागरी मैलांत मोजतो. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि पृथ्वीच्या गोलावर तो जवळपास एका अंशाचा साठावा भाग होतो. हीथ्रो ते केनेडी जवळजवळ ३,००० सागरी मैल, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचे ३६० पैकी ५० अंश. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं गणित सोपं जातं.

दोन कॅल्क्युलेटरांचे आकडे थोडे वेगळे येतात, त्याने गोंधळू नका. कुणी पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नेमका गोल धरतो, कुणी तिचा खरा, ध्रुवांपाशी चपटा आकार धरतो. विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडची ६,३५७, त्यामुळे फरक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास जातो. शिवाय कुणी शहराच्या मध्यापासून मोजतो, कुणी विमानतळापासून. एकाच शहराचे दोन विमानतळ पन्नास-साठ किलोमीटरवर असू शकतात. वेळ काढण्यासाठी हे फरक सोडून द्या. काही मिनिटांचाच मामला आहे.

हे अंतर बिनकामाचं मात्र नाही. युरोपात विमान उशिरा आलं की मिळणाऱ्या नुकसानभरपाईचे टप्पे (१,५०० आणि ३,५०० किलोमीटर) याच गोलावरच्या अंतरावर ठरतात, विमान प्रत्यक्षात कुठून गेलं त्यावर नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना कार्बनचा हिशेब करते तेव्हाही सुरुवात याच अंतरापासून होते आणि वर थोडी भर घालतात: ५५० किलोमीटरच्या आत ५०, त्यापुढे ५,५०० पर्यंत १००, आणि त्याहून लांबच्या प्रवासाला १२५ किलोमीटर. म्हणजे प्रत्यक्षात कुणी दोऱ्यावरून चालत नाही, हे त्या हिशेबातच मान्य केलेलं आहे.

का चालत नाही? विमानतळावर उतरण्या-चढण्याचे ठरलेले रस्ते असतात, काही भाग लष्करी सरावासाठी बंद असतो, काही ठिकाणी वादळी ढग असतात. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ कायम टप्प्यात ठेवावा लागतो. आणि कधी कधी सगळा देशच मधून वगळावा लागतो. हेलसिंकी ते टोकियो हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. दोऱ्याने मोजलं तर सुमारे ७,८०० किलोमीटर. रशियावरून जाता येत होतं तोवर साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. फेब्रुवारी २०२२ नंतर ते आकाश बंद झालं आणि तेच विमान उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून तेरा तासांच्या घरात गेलं. कॅल्क्युलेटरवरचं अंतर मात्र आजही तेच आहे, एका मीटरनेही बदललेलं नाही.

आता तुमचे ९००. मोठं प्रवासी विमान ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट जातं. अकरा हजार मीटरवर हवा उणे ५४ अंशांच्या आसपास असते, तिथे हे ४९० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), म्हणजे ताशी जवळपास ९०७ किलोमीटर होतं. मधल्या आकाराची विमानं ०.७८ ला उडतात, त्यांचे ८३० धरा. म्हणजे ९०० हा आकडा बरोबर आहे, पण तो फक्त उंचीवर पोचल्यानंतरचा आहे आणि तोही हवेच्या तुलनेतला. या दुसऱ्या गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं बहुतेक उत्तर तिथेच आहे.

विमानाला जमीन माहीत नसते. ते हवेत पोहतं, आणि ती हवा स्वतः वाहत असते. वाहत्या नदीत होडी वल्हवणाऱ्याचे हात दोन्ही दिशांना सारखेच चालतात, काठावरची झाडं मात्र एकीकडे भराभर मागे पडतात आणि दुसरीकडे हलता हलत नाहीत. उत्तर अटलांटिकवर साधारण विमानं उडतात त्याच उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जोरदार हवा असते, तीच जेट स्ट्रीम. समजा मार्गभर सरासरी ६० नॉटचा वारा आहे. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना तो समोरून: ४९० मधून ६० वजा, राहिले ४३०. तीन हजार मैलांना ४३० ने भागलं की जवळपास ७ तास. येताना तोच वारा पाठीशी: ५५० नॉट, आणि वेळ ५ तास २७ मिनिटं. विमान तेच, अंतर तेच, इंजिनांचा जोर तोच, आणि फरक दीड तासाचा. पुढच्या वेळी सीटसमोरच्या पडद्यावरचा वेग बघा. तो जमिनीच्या तुलनेतला असतो. जाताना ८०० च्या आत-बाहेर दिसेल, येताना हजाराच्या वर.

हेच टोकाला गेलं तर काय होतं ते फेब्रुवारी २०२० मधे दिसलं. कियारा वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ चार तास ५६ मिनिटांत हीथ्रोला उतरलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. बातम्यांमधे ‘ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त’ वगैरे आलं, ते सोडून द्या. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते रोजच्याच वेगाने उडत होतं, ती हवाच धावत होती. खरोखर ध्वनीच्या पुढे जाणाऱ्या काँकॉर्डने ७ फेब्रुवारी १९९६ ला हाच टप्पा २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापला होता. तो वेगळाच प्राणी.

इथे एक गैरसमज बहुतेकांचा असतो: जाताना वाऱ्याने जे गमावलं ते येताना भरून निघतं. निघत नाही. ४,५०० किलोमीटरचं अंतर आणि ताशी ९०० चा वेग घ्या. वारा नसताना जाऊन-येऊन १० तास. आता १०० चा वारा सोडा: एकीकडे १,००० च्या वेगाने साडेचार तास, दुसरीकडे ८०० च्या वेगाने ५ तास साडेसदतीस मिनिटं. बेरीज १० तास साडेसात मिनिटं. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा कायम थोडा जास्तच. म्हणून आम्ही जमिनीवरच्या मैलांपेक्षा ‘हवेतले मैल’ मोजतो, म्हणजे वारा नसता तर तेवढ्या वेळात विमान किती मैल गेलं असतं तो आकडा. वरच्या उदाहरणातले लंडन-न्यूयॉर्क ३,००० मैल जाताना हवेत सुमारे ३,४२० होतात आणि येताना २,६७०. इंधन भरायचं ते या आकड्यांवर.

मला हे कळलं ते उमेदवारीच्या तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात. रात्रपाळी होती. पश्चिमेकडे जाणाऱ्या मोठ्या दुइंजिनी विमानाचे दोन मार्ग पडद्यावर होते, एक दोऱ्याच्या अगदी जवळचा आणि दुसरा उत्तरेला बराच चढलेला. मी पहिला निवडला आणि ९० मैल वाचवले म्हणून खूश होऊन सरांना दाखवला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “मैल वाचवलेस. मिनिटं किती?” मी खालच्या ओळीकडे पाहिलं. माझा छोटा मार्ग ११ मिनिटांनी लांब होता आणि त्याला तेराशे किलो इंधन जास्त लागणार होतं. जेट स्ट्रीमच्या ऐन धारेत मी विमान समोरासमोर उभं केलं होतं. त्यांनी पुढे काही म्हटलं नाही, नुसतं दुसऱ्या मार्गावर बोट ठेवलं. तेव्हापासून मार्गाची लांबी मी सर्वांत शेवटी वाचतो.

अटलांटिकवर तर हे रोज संघटितपणे होतं. आयर्लंड-ब्रिटनच्या बाजूचं शॅनविक आणि कॅनडाच्या बाजूचं गँडर ही दोन नियंत्रण केंद्रं त्या त्या दिवसाचा वारा पाहून समुद्रावरचे मार्ग आखतात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वाऱ्याला चुकवणारे, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वाऱ्यावर स्वार होणारे. आजचा मार्ग उद्या नसतो. आणि वारा पुरेसा असेल तर लांबचा रस्ता उघडच जिंकतो: ऑक्टोबर २०१६ मधे एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढलं, १५,३०० च्या घरात गेलं, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी मिळतो, एवढंच त्याचं कारण.

पृथ्वीच्या फिरण्याचं आता सांगून टाकतो. धावपट्टीवर उभं असलेलं विमानही पृथ्वीबरोबर पूर्वेकडे जातच असतं, लंडनच्या अक्षांशावर ताशी हजाराहून थोड्या जास्त किलोमीटरने. वर गेल्यावर तो वेग गळून पडत नाही, हवाही त्याच वेगाने बरोबर फिरते. तसं नसतं तर हेलिकॉप्टरने तासभर जागेवर तरंगायचं आणि हजार किलोमीटर पश्चिमेला उतरायचं, इतकं सोपं झालं असतं. मात्र आडवळणाने पृथ्वीचं फिरणं यात आहेच. उष्ण कटिबंधातली गरम हवा ध्रुवाकडे निघते, पृथ्वी फिरते म्हणून ती पूर्वेकडे वळते, आणि त्यातून जेट स्ट्रीम तयार होते. हिवाळ्यात ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक वाढतो, म्हणून वाराही जोर धरतो. (जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता, पण अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. जगाला वाचता यावा म्हणून ती भाषा निवडली आणि जगाने वाचलाच नाही.)

म्हणजे आतापर्यंत जाताना हवेतले ७ तास झाले. तिकिटावरच्या ८ पर्यंतचा उरलेला तास सरळ आहे. तिकिटावरची वेळ धावपट्टीपासून मोजत नाहीत. चाकांखालचे ठोकळे काढून विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथून, ते पलीकडच्या गेटवर परत ठोकळे लागेपर्यंत, असा हिशेब असतो. त्याला आमच्याकडे ब्लॉक टाइम म्हणतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. दहा हजार फुटांच्या खाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची मर्यादा असते. एवढ्यानेच दहाएक मिनिटं जातात. मग गेटपासून धावपट्टीपर्यंतची रांग, जी केनेडीला संध्याकाळी अर्ध्या-पाऊण तासाची झाली तरी नवल नाही. उतरायच्या आधी आकाशातले फेरे वेगळे. हीथ्रोभोवती त्यासाठी चार ठरलेल्या जागा आहेत: बोविंग्डन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन. शिवाय पहाटे सहाच्या आत येणाऱ्या विमानांवर तिथे कडक मर्यादा आहे. न्यूयॉर्कहून वाऱ्यावर बसून लवकर पोचलेल्या विमानाला म्हणून कधी कधी आभाळात वेळ काढावा लागतो.

या सगळ्यावर कंपनी थोडी जादा मिनिटं घालते. नियोजन करणारे मागच्या हंगामातल्या प्रत्यक्ष वेळा मांडून बसतात आणि बहुतेक उड्डाणं ज्यात बसतील असा आकडा निवडतात. वेळेवर म्हणजे वेळापत्रकापासून १५ मिनिटांच्या आत, ही या धंद्यातली रूढ व्याख्या. “आपण पंचवीस मिनिटं लवकर पोचलो आहोत” ही घोषणा ऐकून लोक खूश होतात. आम्ही मनात म्हणतो, आज गाडी रुळावर होती, एवढंच.

पडताळा करताना एक खड्डा टाळा. सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला पोचतो, म्हणजे ३ तास, असं होत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. दोन शहरांत ५ तासांचा फरक धरतात. पण अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटनमधे हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. त्यामुळे वर्षातून दोनदा, मधल्या काही दिवसांत, फरक ४ तासांचाच असतो. मीही शिकाऊ असताना यात एकदा तासाने चुकलो आहे. म्हणून आमच्या कागदावर स्थानिक वेळ नसतेच, सगळं यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत. तुम्हीही दोन्ही वेळा आधी यूटीसीत करा, मग वजाबाकी.

आता तुमचे न्यूयॉर्कचे दोन तास. हे महिन्यावर, दिवसाच्या वेळेवर आणि तिकीट एकच आहे की दोन यावर अवलंबून आहे, आणि तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही. तरी मी असतो तर असं केलं असतं: त्याच क्रमांकाच्या विमानाच्या मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या प्रत्यक्ष गेटला लागण्याच्या वेळा काढल्या असत्या (त्या सार्वजनिक असतात), सरासरीकडे पाहिलंच नसतं, आणि सर्वांत उशिराच्या तीन दिवसांपासून वेळ मोजली असती. जानेवारीच्या प्रवासासाठी जुलैच्या वेळा पाहू नका, तेव्हाचा वारा वेगळा. त्यात हेही धरा की अमेरिकेत पहिल्या उतरण्याच्या ठिकाणीच इमिग्रेशन होतं आणि पुढे जायचं असलं तरी सामान साधारणपणे तिथेच घेऊन परत द्यावं लागतं. ही रांग विमानाच्या वेळेइतकीच बेभरवशाची.

दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील तर पुढचं विमान चुकल्यावर दुसऱ्यात बसवणं कंपनीकडे असतं. तेव्हा दोन तास ही धावपळ आहे, पण जोखीम तुमच्या एकट्याची नाही. तिकिटं वेगवेगळी असतील तर मी साडेतीन तासांच्या खाली गेलो नसतो, आणि हिवाळ्यात चारही घेतले असते. महिना आणि तिकिटाचा प्रकार कळवा, त्या हंगामाचा वारा धरून नेमका आकडा काढून देतो.